काही होत नाही!

पाण्यात गाडी घालणारा माणूस एकटा कधीच नसतो. मागच्या सीटवर 'काही होत नाही' म्हणणारा एक जण बसलेला असतो. आमच्या गाडीत ती जागा मेहुण्यांनी कायमची राखून ठेवली आहे.

गेल्या श्रावणात सासुरवाडीला निघालो होतो. गावाबाहेर ओढ्याचं पाणी रस्त्यावर पसरून साचलं होतं. मी पडलो बँकेतला कारकून. चेकवरची सहीसुद्धा तीनदा पडताळून पाहणारा. पाण्याखाली रस्ता आहे की खड्डा, हे कोण पडताळणार? मी गाडी थांबवली.

"घाला हो भावोजी, काही होत नाही!"

सौ.ने भावाकडे कौतुकानं पाहिलं आणि माझ्याकडे नुसतंच पाहिलं. घातली गाडी! मध्यावर इंजिन बंद पडलं.

"सेल्फ मारा!"

मारला. आतून 'खट्ट' असा आवाज आला आणि गाडी गप्प झाली. मेहुणेही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं समजावलं, "साहेब, इंजिनात हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पाणी आत असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसती ढकलून बाहेर काढायची होती."

बिल पाहून मी विम्याची पॉलिसी काढली. अशा नुकसानीसाठी जादा कव्हर घ्यावं लागतं, हे त्यात बारीक अक्षरात होतं. लोकांना बारीक अक्षरं दाखवण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत!

म्हणून आता रोखठोक सांगतो. साचलेलं पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसलं की परत फिरावं. उथळ असेल तर पहिल्या गिअरमध्ये, सावकाश पण न थांबता जावं. बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-चारदा दाबून सुकवावेत. आत पाणी गेल्याची शंका असेल तर डिपस्टिक काढून पाहावी. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर चावीला हातही लावू नये.

आणि वाहतं पाणी? तिथं हिशेबच नको. फूटभर वाहत्या पाण्यात लहान गाडी तरंगू लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत काही माणसं स्वतःच्याच बंद गाडीत गुदमरून गेली. तरीही 'पुलावरून पाणी वाहत असताना वाहन नेऊ नये' ही पाटी वाचून थांबणारा आपल्याकडे भित्रा ठरतो, आणि न वाचणारा मर्द!

यंदाच्या श्रावणात पुन्हा त्याच ओढ्याशी आलो. या खेपेला पाणी रस्त्यावरून वाहत होतं. मेहुण्यांनी तोंड उघडायच्या आत मी गाडी वळवली. सासूबाईंच्या पुरणपोळ्या हुकल्या, सौ. दोन दिवस बोलली नाही, मेहुणे मला सगळीकडे 'भित्रे भावोजी' म्हणत फिरले.

काही होत नाही!