तळाची संहिता

स्पोर्ट्स कार म्हटली की नजर तिच्या वरच्या कांतीवर खिळते. जीर्णोद्धार करणाऱ्याचा कस मात्र तिच्या पोटाखाली लागतो. जिथे सहसा कोणी वाकून पाहत नाही आणि गंज मात्र निमूटपणे पोचतो. हा तळ खरवडून पुन्हा कसा रंगवावा, हा वरकरणी निव्वळ कारागिरीचा प्रश्न. आम्हां मराठीच्या अध्यापकांना मात्र त्यात पाठचिकित्सेतला जुनाच पेच दिसतो: संहिता शुद्ध करताना तीत स्वतःची भर घालण्याचा अधिकार संपादकाला कितपत असावा? आमचे मत असे की, क्षय थांबवणे हे जीर्णोद्धारकाचे कर्तव्य आहे. मूळ वस्तू होती त्याहून देखणी करून दाखवणे हे नव्हे.

पोर्श ९११ चे उदाहरण घेऊ. या गाडीला वेगळा सांगाडा नाही. पत्र्याचे कवचच सारा भार पेलते. तिचा पत्रा जस्तलेपित होऊ लागला तो १९७० च्या दशकाच्या मध्यावर. सुरुवातीच्या गाड्यांचा तळ रंगावर आणि त्यावरच्या जाड, रबरी लेपावर विसंबून होता. हा लेप जुना झाला की तडकतो, फटीतून पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ आत शिरते, आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या लेपाखाली पत्रा कुजत राहतो. म्हणजे रक्षकच भक्षक झालेला असतो. तो गरम हवेने मऊ करून पातीने खरवडावा लागतो, किंवा त्यावर ड्राय आइसच्या कणांचा मारा करावा लागतो. सुमारे उणे ७८ अंश सेल्सिअसचे हे कण आदळताच त्यांचा वायू होतो. मागे पाणी उरत नाही की वाळू. त्यानंतर कुजका पत्रा कापून नवा जोडणे, एपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीलर आणि शेवटी रंग व लेप, असा हा क्रम आहे.

तेव्हा ‘जे आहे त्याला हात लावू नका’ ही भूमिका इथे टिकणारी नाही. कसर लागलेली पोथी तशीच ठेवणे म्हणजे तिची भक्ती नव्हे. पण याच्या उलट टोकाचा अपराध अधिक गंभीर आहे. विक्रीच्या तोंडावर, गंज न काढताच, तळावर ताजा काळा लेप फासला जातो. सस्पेन्शन जिथे जोडलेले असते तिथला पत्रा कुजला असेल, तर हा केवळ सौंदर्यदृष्टीचा प्रश्न राहत नाही. चालवणाऱ्याच्या जिवाशी गाठ असते.

तिसरा प्रकार अतिरेकी सफाईचा. अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेट १९५३ साली आली. तिचे अंग फायबरग्लासचे, त्यामुळे ते गंजत नाही; खालचा पोलादी सांगाडा मात्र गंजतो. या गाड्यांच्या जीर्णोद्धाराला वाहिलेली ‘नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी’ १९७४ पासून कार्यरत आहे. गाडी कारखान्यातून बाहेर पडताना जशी होती तशी असावी, हा तिच्या परीक्षणाचा निकष. तळ कारखान्यापेक्षा अधिक गुळगुळीत, अधिक चकचकीत केला तर गुण वाढत नाहीत, कापले जातात. कारण मूळ गाडीच्या तळावर फवाऱ्याचे भरकटलेले शिंतोडे असत, ओघळ असत, तपासनिसाच्या खडूच्या खुणा असत. पाळीच्या घाईत काम करणाऱ्या अनाम कामगाराचा तो एकमेव हस्ताक्षरपुरावा. तो घासून तिथे आरसा बसवला की गाडी सुंदर दिसेल. पण एक साक्ष कायमची नाहीशी होईल.

अर्थात हा निकषही निर्दोष नाही. गुणांसाठी काही जीर्णोद्धारक नव्या रंगावर हेतुपुरस्सर ओघळ सोडतात, खडूच्या खुणा पुन्हा काढतात. मूळ खुणेचा पुरावा हाताशी असेल तर त्याला पुनर्रचना म्हणता येईल. नसेल तर तो प्रक्षेपच, आणि चकाकीहून अधिक फसवा, कारण तो मूळ पाठाच्या वेशात येतो. वास्तुजतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने जिथे तर्क सुरू होतो तिथे पुनर्स्थापन थांबावे, असे सांगितले. जुन्या वाहनांसाठी २०१२ साली तयार झालेल्या ट्यूरिन सनदेचा वारसाही तोच. आपल्याकडे १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या एकनाथांनीही पुढे कोणी तीत स्वतःची ओवी घुसडू नये, असे बजावून ठेवले होते. संहितेचा मोह आवरणे हीच संपादकाची खरी कसोटी, हे भान इतके जुने आहे.

यावर आक्षेप येईल: गाडी मालकाची, पैसा मालकाचा; त्याने तळ सोनेरी रंगवला तरी इतरांना काय? कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण जुनी वस्तू हाती येते तेव्हा मालकीबरोबर थोडी विश्वस्तताही येते. शिवाय आमची मागणी फार मोठी नाही. खरवडण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. कोणत्या थराखाली कोणता थर होता ते टिपून ठेवावे. गंज नसलेला एखादा वीतभर तुकडा मूळ लेपासह राखावा. नवे काय आणि कधी लावले त्याची वही गाडीसोबतच पुढच्या मालकाकडे जावी. पाठभेदांची नोंद ठेवणारा संपादक चुकला तरी पुढचा अभ्यासक ती चूक दुरुस्त करू शकतो. नोंद न ठेवणाऱ्याचे बरोबर असलेले कामही पुढे कोणाला तपासता येत नाही.

तेव्हा तळ जरूर रंगवावा. गंजाला जागा ठेवू नये. मात्र रंगाखाली काय होते, हे सांगणारा कागद रंगाइतकाच टिकाऊ असावा, एवढेच आमचे म्हणणे.