गुडघ्यातली सुई आणि उकिडवं खुरपणं



पळसदेवच्या माळावर ज्वारी खुरपून बाईचे गुडघे धरले, की सल्ला एकच: इंजेक्शन घ्या. स्टेरॉइडनं काही आठवडे कळ थांबते. हाडांमधली झिजलेली गादी भरत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत १४० जणांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी सुई दिली, निम्म्यांना औषधाची, निम्म्यांना नुसत्या सलाइनची. दुखण्यात फरक नाही. औषधवाल्यांची गादी मात्र जास्त झिजली. मधुमेह्याची साखर चढते ती वेगळीच.

अडीनडीला एखादी सुई घ्यायला आमची ना नाही. पण टोचून लगेच बाईला पुन्हा उकिडवं बसवायचं, याला आम्ही उपचार म्हणत नाही. उभ्यानं चालवायचं सायकल कोळपं आहे, मांड्या बळकट करणारा व्यायाम तर फुकट आहे. ज्वारीला भाव नाही म्हणून कोळप्याला पैसा नाही, आणि सुईला उसनवारी? येत्या बैठकीत हा हिशेब बायांनीच मांडावा.