नुसत्या मैत्रिणी?

जपानी साहित्यातल्या समलैंगिकतेचा अभ्यास करते म्हटलं की मावशी विचारते, "अगं, दुसरा विषय नाही मिळाला?" काही शहाणे म्हणतात, हे पाश्चात्त्य खूळ. अहो, साइकाकूचा पुरुषांमधल्या प्रेमाचा कथासंग्रह १६८७ सालचा आहे!

लेखिका योशिया नोबुको १९२३ साली मोन्मा चियोला भेटल्या आणि १९७३ साली मृत्यूनेच त्यांना वेगळं केलं. लग्नाची सोय नव्हती, म्हणून १९५७ साली योशियांनी चियोला चक्क दत्तक घेतलं. कागदावर मायलेकी!

आणि आपण त्यांच्या कथा वाचून 'जिवलग मैत्रिणी' म्हणत पान उलटायचं? तेव्हा कायद्याकडे शब्द नव्हता. आपल्याकडे आहे, पण उच्चारायला जीभ अडखळते. म्हणूनच, मावशी, दुसरा विषय नको मला.