आत्याच्या चौकटीवरच्या खुणा

बिदर भागातल्या माणसाला हैदराबाद परकं वाटत नाही. दवाखाना असो, लग्नाचा बस्ता असो की पोरांचं कॉलेज, आपली बस शेवटी इम्लीबनच्या स्थानकात जाऊन थांबते. मुसी नदी ओलांडली की रिक्षानं थोड्या वेळात जामबाग. माझी धाकटी आत्या लग्न होऊन तिथं गेली, त्याला आता साठ वर्षं होत आली. तिच्या मराठीत निम्मी दखनी मिसळलेली आहे. ‘हौ’ आणि ‘नक्को’ याशिवाय तिचं वाक्य पुरं होत नाही. माहेरची कन्नड मात्र ती अजून विसरलेली नाही. मला बघितलं की पहिला प्रश्न, “ऊटा आयता?” मग जेवण झालेलं असो वा नसो, ताट येतंच.

या खेपेला मला बोलावणं होतं ते तिच्या नातवाचं, म्हणजे माझ्या आतेभावाच्या मुलाचं. तो रायदुर्गला एका स्टार्टअपमध्ये काम करतो. “काका, तुम्ही वर्गात स्मार्ट सिटी शिकवता, पण तिची लॅब कधी बघितली का?” असं तो फोनवर दोनदा म्हणाला. मी समाजशास्त्राचा माणूस. नागरी जीवनावरचं प्रकरण दरवर्षी जुन्याच नोट्सवरून शिकवतो, हे कबूल करायला हरकत नाही. तेव्हा गेलो.

उस्मानिया मेडिकल कॉलेजच्या स्थानकावर मेट्रोत बसायचं, अमीरपेठला गाडी बदलायची आणि शेवटच्या स्थानकावर उतरायचं. जामबागेतून निघताना फुलांचा वास आणि हॉर्नचा गलका, आणि उतरलो ते काचेच्या इमारतींच्या रानात. तिथं टी-हब आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये गच्चीबावलीच्या ट्रिपल आयटीच्या आवारात त्याची सुरुवात झाली आणि जून २०२२ मध्ये रायदुर्गच्या मोठ्या इमारतीत ते आलं. नवा उद्योग काढणाऱ्या पोरांना जागा, सल्ला, भांडवलदारांची ओळख आणि सरकारी खात्यांचा दरवाजा एका छताखाली मिळावा, ही कल्पना. शेजारीच टी-वर्क्स आहे. डोक्यातली वस्तू तिथल्या यंत्रांवर प्रत्यक्ष बनवून बघता येते.

पण मला जास्त आवडलं ते पुतण्यानं सांगितलेलं ट्रिपल आयटीचं काम. त्या संस्थेनं आपल्या आवारालाच एक छोटं शहर मानून ‘लिव्हिंग लॅब’, म्हणजे चालती-बोलती प्रयोगशाळा उभी केली आहे. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि युरोपातल्या काही संस्था यांची तिला साथ मिळाली. रस्त्यावरचे दिवे, हवेतली धूळ, टाकीतलं पाणी, विजेचा खप, सगळ्यावर सेन्सर. एक गंमत ऐका. घरोघरी जुने काट्याचे नाहीतर आकड्यांचे पाण्याचे मीटर असतात. ते काढून नवे बसवायचे म्हटले तर महापालिकेचं दिवाळं निघेल. यांनी काय केलं, जुन्या मीटरवर छोटा कॅमेरा बसवला. तो आकड्यांचा फोटो काढतो आणि संगणक आकडा वाचून पुढं पाठवतो. मीटर तोच, नळ तोच. हे मला पटलं. जुनं तोडून नवं आणण्यापेक्षा जुन्याला डोळा लावण्यात शहाणपण आहे, आणि आपल्यासारख्या गावांना परवडेल ते असंच काहीतरी.

या प्रयोगशाळांचं तत्त्व सोपं आहे. शहराचा प्रश्न एकट्या महापालिकेला सुटत नाही. कॉलेजातल्या प्राध्यापकाकडं ज्ञान असतं, पण रस्ता खोदायचा अधिकार नसतो. कंपनीकडं यंत्र असतं, पण कोणत्या गल्लीला कशाची गरज आहे हे तिला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं तिथं राहणाऱ्याला. तेव्हा चौघांनी एका टेबलाभोवती बसावं, छोटा प्रयोग करावा, फसला तर थोडक्यात फसावा आणि जमला तर मोठा करावा. युरोपात अशा प्रयोगशाळांचं जाळं २००६ मध्येच बांधलं गेलं. अडचण एवढीच की चौथी खुर्ची, म्हणजे राहणाऱ्याची, बहुतेक वेळा रिकामी असते. तिथं कोणाला बोलवायचं हेच कोणाला कळत नाही. मी काचेच्या त्या इमारतीत दोन तास हिंडलो. फार हुशार पोरं-पोरी भेटली. एकीला विचारलं, “जामबाग माहीत आहे?” ती म्हणाली, “फ्लॉवर मार्केट ना? तिकडं जाणं होत नाही.”

खरं तर जामबागेला फुलांनीच नाव मिळवून दिलं. पुढं फुलांचा घाऊक बाजार गुडीमल्कापूरला हलवला गेला. निर्णय वाईट होता असं मी म्हणणार नाही, कारण पहाटे तिथं ट्रकांमुळं पाय ठेवायला जागा नसायची. पण किरकोळ विकणाऱ्या काही बायका अजून जामबागेतच बसतात. त्यांचं म्हणणं, आमचं गिऱ्हाईक इथं आहे, आम्ही तिकडं कशाला जाऊ? अशा माणसाला आधी विचारायचं की नंतर समजावत बसायचं, एवढाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे असं मला वाटतं.

संध्याकाळी परत आलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता. आत्या दारात उभी होती आणि उंबऱ्याकडं बघत होती. तिच्या घराची चौकट सागवानी आहे, जुनी. डाव्या बाजूला पोरांच्या उंचीच्या खुणा, माझ्या आतेभावापासून या पुतण्यापर्यंत. त्या मी लहानपणापासून बघत आलो. उजव्या बाजूला खाली, गुडघ्याच्या आतबाहेर, पेन्सिलीच्या आडव्या रेघा आहेत, हे मात्र मी कधी नीट बघितलं नव्हतं. प्रत्येक रेघेपाशी तारीख. ऑगस्ट २०००. ऑक्टोबर २०२०. मधल्याही बऱ्याच.

“हे काय गं?”

“पाणी रे. गल्लीत पाणी शिरलं की मी रेघ मारते. तुझे मामंजी गेल्यापासून नाही सोडलं. आधी ते मारायचे.”

हिशोब साधा होता. नाला तुंबला की पाणी कुठवर येतं, किती वेळात ओसरतं, कोणत्या वर्षी रस्ता उंच केला आणि त्यानंतर पाणी घरात जास्त का यायला लागलं, हे तिला तोंडपाठ. पुतण्या तिच्याजवळ वाढला, सेन्सरचा धंदा करतो, पण त्यानंही त्या रेघा कधी विचारल्या नव्हत्या. तो जरा ओशाळला. मीही ओशाळलो, कारण मी तर माहितीसंकलनाची पद्धत शिकवतो.

या रेघांचं मोल कळायचं तर शंभर वर्षं मागं जायला हवं. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला पूर आला आणि हैदराबादचा मोठा भाग वाहून गेला. पंधरा हजारांच्या आसपास माणसं दगावली असं मानतात. आजच्या उस्मानिया इस्पितळाच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशे जण वाचले. ते झाड अजून आहे. निजामानं मग मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. कन्नड मुलखातला माणूस, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदवारी केलेला, म्हणजे आपल्याच दोन्ही भाषांतला. १९०९ मध्ये ते हैदराबादला आले. त्यांच्यापुढं पहिली अडचण कोणती होती? पावसाच्या नोंदी तोकड्या होत्या. किती पाऊस पडू शकतो हे सांगायला त्यांना शेजारच्या प्रांतांतले आकडे मिळवावे लागले. मुसीच्या वरच्या खोऱ्यात शेकडो तळी होती, आपण ज्यांना ‘केरे’ म्हणतो ती, आणि त्यातली दोनशेहून अधिक फुटली होती. हे सगळं मोजून, जुळवून त्यांनी सांगितलं की नदी शहरात अडवू नका, शहराच्या वर दोन जलाशय बांधा. त्यातून उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ निघालं आणि रस्ते, बाजार, वस्त्या यांचा एकत्र विचार सुरू झाला.

तरी पाणी विसरत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वरचे दरवाजे उघडावे लागले, मुसी फुगली आणि आपल्याच इम्लीबनच्या स्थानकात पाणी शिरलं. अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्या रात्री बिदरच्या किती घरांत फोन वाजले असतील!

जामबागेला एकत्र येऊन काम करण्याची सवय तशी नवी नाही. निजामी राजवटीत मराठी मुलांना आपल्या भाषेत शिकायला शाळा नव्हती. तेव्हा केशवराव कोरटकरांसारख्या मंडळींनी १९०७ मध्ये ‘विवेकवर्धिनी’ काढली. वकील, व्यापारी, मास्तर यांनी मिळून. आज ती संस्था जामबागेतच आहे, शाळेपासून कॉलेजापर्यंत वाढलेली, आणि मराठवाड्यातल्या व बिदरकडच्या कितीतरी घरांत तिथं शिकलेलं कोणीतरी असतंच. प्रयोगशाळा हा शब्द तेव्हा कोणी वापरला नसता. पण गरज ओळखायची, ज्याच्याकडं जे असेल ते आणायचं आणि लहान सुरुवात करायची, रीत हीच.

मग हैदराबाद स्मार्ट सिटीच्या यादीत होतं का? सुरुवातीला होतं. पुढं तेलंगण सरकारनं त्याच्या जागी करीमनगरचं नाव दिलं. केंद्राचं स्मार्ट सिटी अभियान २५ जून २०१५ रोजी सुरू झालं आणि ३१ मार्च २०२५ रोजी संपलं. आपल्या बाजूची बेळगाव आणि सोलापूर ही दोन शहरं जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीसांतच निवडली गेली. बिदरचं नाव शंभरात आलं नाही. शंभरही शहरांत पडद्यांच्या भिंती असलेली नियंत्रण केंद्रं उभी राहिली. चौकातली वाहतूक तिथं दिसते, कचऱ्याची गाडी कुठं आहे तेही दिसतं. पण पडद्यावर तेच दिसतं जिथं आधी कॅमेरा बसवलेला असतो. आत्याचा उंबरा दिसत नाही.

परदेशातलं एक उदाहरण सांगतो. मेक्सिको शहरात २०१३ मध्ये सरकारनंच शहराची प्रयोगशाळा काढली. तिथल्या छोट्या खासगी बसगाड्यांचे मार्ग कोणत्याच नकाशावर नव्हते. २०१६ मध्ये प्रयोगशाळेनं मोबाइलवरचा एक खेळ काढला. प्रवासी बसमध्ये बसून मार्ग नोंदवायचे आणि गुण मिळवायचे. लोकांनी खेळता खेळता नकाशाचं काम केलं. पण २०१८ मध्ये सरकार बदललं आणि प्रयोगशाळा बंद झाली. मला यातून भीती वाटते ती अशी, की अशी संस्था एका माणसाच्या किंवा एका पक्षाच्या मर्जीवर उभी असेल तर ती तेवढीच टिकणार. हैदराबादेतच ‘हैदराबाद अर्बन लॅब’ नावाची एक संस्था २०१२ पासून काम करू लागली. भूगोलाचे अभ्यासक अनंत मरिंगंटी तिच्या मुळाशी. यंत्रांपेक्षा वस्त्यांत हिंडून नकाशे काढणं, लोकांशी बोलणं यावर तिचा भर. मला त्या वाटेनं जाणारी प्रयोगशाळा जास्त टिकाऊ वाटते, कारण तिचं भांडवल माणसांच्या आठवणीत असतं.

आणि आपल्या बिदरकडं बघा. नौबादची सुरंग बावी, म्हणजे बहमनी काळातला करेज, जमिनीखालून पाणी आणणारा बोगदा, कित्येक वर्षं गाळ आणि कचऱ्यानं भरलेला होता. भूगोलाचे अभ्यासक, जिल्हा प्रशासन, वारशावर काम करणाऱ्या संस्था आणि गावातली तरुण पोरं एकत्र आली, तेव्हा तो पुन्हा उपसला गेला. काचेची इमारत नव्हती, पण चारी खुर्च्या भरलेल्या होत्या. आपल्याकडं हे होऊ शकतं, झालेलं आहे.

रात्री जेवताना पुतण्यानं आजीला विचारलं, “गल्लीच्या तोंडाशी पाण्याची उंची मोजणारा एक सेन्सर लावू का? महापालिकेला आकडे जातील.” आत्या म्हणाली, “लाव की. पण त्याला सांग, पाणी पहिल्यांदा तोंडाशी येत नाही. मागच्या मोरीतून उलटं येतं. तिथं लाव.” पोरानं ताट बाजूला सारलं आणि फोनमध्ये लिहून घेतलं. मग तो चौकटीपाशी टेप घेऊन बसला, एकेक रेघ मोजत, आणि आत्या वरून तारखा सांगत होती. दोन तारखांवर त्यांचं जुंपलं. आतेभावानं जुनी डायरी काढली, त्यात आत्याचीच तारीख बरोबर निघाली.

सोमवारी वर्गात मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गृहपाठ दिला. आपल्या गल्लीत पाणी तुंबतं का, कुठून येतं, कुठवर येतं, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून आणा, मराठीत आणा की कन्नडमध्ये. एका मुलीनं हात वर केला. “सर, आमची अज्जी कन्नडमध्येच सांगेल, पण शिव्या घालून सांगेल. तेही लिहू का?” मी म्हटलं, लिही.