वजन विचारू नका, तब्येत विचारा

निगडी प्राधिकरणात संध्याकाळी कुत्री फिरवायला निघतात, तेव्हा शहर कसे बदलले ते दिसते. पूर्वी बंगल्याच्या फाटकामागे अल्सेशियन नाहीतर डॉबरमन असायचा. आता प्लॉटवर इमारती उभ्या राहिल्या, अंगण गेले, घरातली दोघेही नोकरीला जातात. मग शिह त्झू, पोमेरेनियन, टॉय पूडल असे लहान कुत्रे घरात येतात. फ्लॅटच्या मापाने कुत्रा निवडला तर त्यात काही चूक नाही. पण गेल्या काही वर्षांत या आवडीचा अट्टहास झाला आहे. ‘टीकप’, ‘मायक्रो’, ‘पॉकेट साइज’ अशा नावांनी पिल्लांच्या जाहिराती मोबाइलवर फिरतात. फोटोत पिल्लू चहाच्या कपात बसवलेले असते, आणि जितके लहान तितकी किंमत जास्त असते.

मुळात ‘टीकप’ नावाची कुत्र्याची जातच नाही. जगातली कोणतीही मोठी केनेल संघटना ती मानत नाही. अमेरिकन केनेल क्लबच्या मापाप्रमाणे प्रौढ पोमेरेनियन साधारण 1.4 ते 3.2 किलोचा असतो, चिवावा पावणेतीन किलोपर्यंत आणि शिह त्झू 4 ते 7 किलोचा. ही कुत्री आधीच लहान आहेत. त्यांना आणखी खाली नेणारा शब्द विक्रेत्यांनी तयार केला आहे, शास्त्राने नाही.

लहान असणे हा काही आजार नव्हे. कुत्र्यांच्या आकारात ‘आयजीएफ-1’ या एका जनुकाचा मोठा वाटा असल्याचे शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये दाखवून दिले. नीट पैदास केलेली लहान जातीची कुत्री सहसा मोठ्या जातींपेक्षा जास्त जगतात. आक्षेप आहे तो लहान कुत्र्याला आणखी लहान करण्याच्या धडपडीला.

ही धडपड तीन प्रकारे चालते. पहिला प्रकार म्हणजे प्रत्येक विणीतले सर्वात किरकोळ पिल्लू ठेवायचे आणि अशाच किरकोळ नर-मादीची जोडी लावायची. ही जोडी पुष्कळदा नात्यातली असते, त्यामुळे लहान आकाराबरोबर दोषही पुढच्या पिढीत उतरतात. दुसरा प्रकार म्हणजे चार-पाच आठवड्यांचे पिल्लू दोन महिन्यांचे सांगून विकायचे. तिसरा सर्वात वाईट, आणि तो गिऱ्हाइकाच्या घरी घडतो. ‘जास्त खायला घालू नका, नाहीतर वाढेल’ असे सांगून पिल्लू घरी पाठवले जाते आणि ते खरे मानणारे लोक वाढत्या जिवाला उपाशी ठेवतात.

याचा शरीरावर काय परिणाम होतो? लहानशा पिल्लाच्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा फारच थोडा असतो. शिवाय वजनाच्या मानाने अंगाची त्वचा जास्त असल्याने उष्णता भराभर निघून जाते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पिल्लाला काही तास खायला मिळाले नाही, तर रक्तातली साखर झपाट्याने उतरते. पिल्लू आधी सुस्त होते, मग चालताना झोकांड्या देते, थरथरते, आणि पुढे झटके येऊन बेशुद्ध पडू शकते. अशा वेळी हिरड्यांना थोडा मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळावे, पिल्लाला उबदार कपड्यात गुंडाळावे आणि लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात दूध किंवा पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

दातांचे गणित तर साधे आहे. ग्रेट डेन असो की चिवावा, मोठ्या कुत्र्याला पक्के दात 42च येतात. जबडा लहान होत गेला तरी दातांची संख्या कमी होत नाही. मग दात एकमेकांवर चढतात, दुधाचे दात पडत नाहीत, फटींत अन्न अडकते आणि हिरड्या सडतात. हाडांचेही तसेच. सोफ्यावरून मारलेली एक उडी काडीएवढ्या पुढच्या पायाचे हाड मोडायला पुरते, आणि या जातींत तिथला रक्तपुरवठा कमी असल्याने ते हाड लवकर सांधत नाही. गुडघ्याची वाटी सरकणे, श्वासनलिका दबणे, टाळूचे हाड न भरणे, कवटीत पाणी साचणे ही दुखणीही या कुत्र्यांत जास्त दिसतात. मादीचे हाल वेगळेच. तिच्या अरुंद कटीतून पिल्लाचे डोके बाहेर येत नाही आणि शस्त्रक्रिया करावी लागते. जाहिरातीतल्या फोटोत ही आई कधीच दिसत नाही.

दुसरी गोष्ट घराघरांत घडते. ‘दोन किलोच्या वर जाणार नाही’ असे सांगून आणलेले पिल्लू वर्षभरात सहा किलोचे होते. घरातल्यांना फसवल्यासारखे वाटते, आणि विक्रेत्याने फसवलेले असतेही. पण त्याचा राग कुत्र्यावर निघतो. त्याचे जेवण कमी होते, त्याला ‘ढोल्या’ म्हटले जाते आणि क्वचित दुसऱ्याच्या गळ्यात बांधले जाते. त्या कुत्र्याने मात्र काही वचन दिलेले नव्हते. ते निरोगी आहे म्हणूनच वाढले. ‘हम आपके हैं कौन’ 1994 मध्ये आला तेव्हा त्यातल्या टफीने घरोघरी पांढऱ्या कुत्र्याचे वेड लावले. टफी इंडियन स्पिट्झ होता, आणि ‘पॉम’ म्हणून मराठी घरांत वाढलेले बरेच कुत्रेही इंडियन स्पिट्झच होते. ते पोमेरेनियनपेक्षा चांगले दुप्पट वजनाचे, तरी त्यांना कोणी काट्यावर चढवून प्रेम केले नाही.

कायदा नाही असेही नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, आणि विकण्याआधी त्याला मायक्रोचिप बसवावी लागते. दीड वर्षाच्या आतल्या मादीपासून पैदास करता येत नाही. पण गिऱ्हाईकच नोंदणीचा क्रमांक विचारत नसेल आणि हायवेलगत उभ्या गाडीतून टोपलीतले पिल्लू घेऊन पैसे मोजत असेल, तर नियम कागदावरच राहणार. महापालिकेने किंवा मंडळाने तपासण्या वाढवाव्यात ही मागणी रास्तच आहे. तरीही हा बाजार चालतो तो मागणीवर, आणि मागणी आपल्या सोसायट्यांमधून जाते.

कुत्रा घेणाऱ्याने म्हणून वेगळे प्रश्न विचारावेत. पिल्लाची आई दाखवता का? तिचे वय काय, तिच्या किती विणी झाल्या? पिल्लाची जन्मतारीख, लसीकरणाचे कार्ड आणि चिपचा क्रमांक कुठे आहे? पिल्लू किती लहान राहील, याच्याच बढाया मारणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये. ज्यांच्या घरी आधीच असे नाजूक पिल्लू आले आहे, त्यांनी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. दिवसातून चार-सहा वेळा थोडे थोडे खायला द्यावे, तेही नुसते दूध-चपाती नव्हे तर पिल्लांचा पूर्ण आहार. सोफ्याला पायरी करावी, गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा, दात नियमित घासावेत. ज्यांचे पिल्लू अपेक्षेपेक्षा मोठे झाले, त्यांनी त्याच्या हाडापेराला किती वजन योग्य, एवढेच पशुवैद्यकाला विचारावे आणि त्याला पोटभर जेवू द्यावे. आणि ज्यांना अजून कुत्रा घ्यायचा आहे, त्यांनी आपल्याच गल्लीतल्या गावठी पिल्लाकडेही एकदा पाहावे. ते किती मोठे होणार हे कोणी सांगू शकत नाही, पण इथल्या हवेत ते पिढ्यान्‌पिढ्या वाढत आले आहे.