कॅरिबियन माध्यमिक परीक्षांच्या निकालांतील कल

कॅरिबियन सेकंडरी एज्युकेशन सर्टिफिकेट, संक्षेपाने सीएसईसी, ही इंग्रजीभाषक कॅरिबियन प्रदेशातील माध्यमिक शिक्षणाच्या अखेरीस घेतली जाणारी सामाईक परीक्षा होय. बहुतेक परीक्षार्थी सोळा वर्षांच्या आसपासचे असतात. १९७२ मध्ये स्थापन झालेली कॅरिबियन एक्झामिनेशन्स कौन्सिल (सीएक्ससी) ही संस्था ती घेते. संस्थेचे मुख्यालय बार्बाडोसमध्ये असून जमैका, त्रिनिदाद व टोबॅगो, गयाना, बेलिझ यांसह १६ देश व प्रदेश तिचे सदस्य आहेत. १९७९ पासून या परीक्षेने ब्रिटिश विद्यापीठांच्या ओ-लेव्हल परीक्षांची जागा क्रमाक्रमाने घेतली.

उत्तीर्णतेची व्याख्या

निकाल सहा श्रेणींत दिला जातो. त्यांपैकी पहिल्या तीन श्रेणी पुढील शिक्षण व नोकरीसाठी ग्राह्य मानल्या जातात. १९९८ पूर्वी पाच श्रेणी होत्या आणि सर्वसाधारणपणे पहिल्या दोनच ग्राह्य होत्या. त्यामुळे त्याआधीच्या व नंतरच्या टक्केवारींची थेट तुलना करता येत नाही. प्रसिद्ध होणारी एकूण टक्केवारी बहुधा विषयनिहाय प्रवेशिकांची असते, विद्यार्थ्यांची नव्हे. पाच विषयांना बसून चारांत उत्तीर्ण झालेला, पण गणितात अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी त्या सरासरीत यशस्वीच दिसतो.

गणिताचा निकाल

प्रदेशभर सर्वाधिक चर्चा गणिताच्या निकालाची होते. ग्राह्य श्रेणी मिळवणाऱ्यांचे प्रमाण २०१२ मध्ये सुमारे ३३ टक्के होते. ते २०१५ मध्ये सुमारे ५७ टक्क्यांवर गेले आणि पुढच्याच वर्षी सुमारे ४४ टक्क्यांपर्यंत उतरले. २०२० मध्ये ते सुमारे ५२, २०२१ मध्ये ४१, २०२२ मध्ये ३७, २०२३ मध्ये ४३ आणि २०२४ मध्ये ३६ टक्के राहिले. याउलट २०२३ व २०२४ मध्ये इंग्रजीत तीन चतुर्थांशांहून थोडे अधिक परीक्षार्थी उत्तीर्ण झाले.

महासाथीचा परिणाम

कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० ची परीक्षा लांबणीवर पडली आणि तिचे स्वरूप बदलले. दीर्घोत्तरी प्रश्नपत्रिका वगळून बहुपर्यायी प्रश्नपत्रिका व शालेय स्तरावरील मूल्यमापन यांच्या आधारे श्रेणी देण्यात आल्या. निकालानंतर अनेक देशांतील विद्यार्थी व पालकांनी आक्षेप नोंदवले, तेव्हा संस्थेने हेझेल सिमन्स-मॅकडॉनल्ड यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र पुनरावलोकन समिती नेमली. २०२१ मध्ये दीर्घोत्तरी प्रश्नपत्रिका पुन्हा घेण्यात आली. मात्र तिच्यातील घटक परीक्षार्थींना आधी कळवण्यात आले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ला सूफ्रिएर ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे सेंट व्हिन्सेंटमधील हजारो लोकांना स्थलांतर करावे लागले. म्हणून २०२० च्या वाढीला प्रगती आणि २०२१ च्या घटीला केवळ अधोगती म्हणणे योग्य ठरत नाही.

अन्वयार्थ

महासाथीपूर्वीचे चढउतारही तितकेच मोठे असल्याने गणितातील दुर्बलतेचे खापर एकट्या साथीवर फोडता येत नाही. एखाद्या वर्षीच्या वाढी-घटीपेक्षा बहुतेक वर्षी निम्म्याहून अधिक परीक्षार्थी अनुत्तीर्ण राहतात, ही बाब अधिक महत्त्वाची आहे. तिचे मूळ माध्यमिक शाळेच्याही आधी शोधावे लागते. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद व टोबॅगो येथे प्राथमिक शिक्षणाच्या अखेरीस होणाऱ्या परीक्षेवरून मुलांना माध्यमिक शाळा मिळत आली आहे. अधिक गुण मिळवणारी मुले नामांकित शाळांत एकवटतात आणि प्राथमिक गणित कच्चे राहिलेली मुले इतर शाळांत जातात. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांसमोर एकच प्रश्नपत्रिका येते. प्रादेशिक सरासरीत ही दरी झाकली जाते.

टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढली जाते. काही शाळा तयारी कमी असलेल्या विद्यार्थ्यांना त्या विषयाला बसू देत नाहीत. त्यामुळे शाळेचा निकाल सुधारलेला दिसतो, पण गणित येणाऱ्या मुलांची संख्या त्याने वाढत नाही. अध्यापक महाविद्यालये, परिचारिका प्रशिक्षण व अनेक सरकारी पदे यांसाठी गणित व इंग्रजीतील ग्राह्य श्रेणी सामान्यतः आवश्यक असते. परीक्षेपासून दूर ठेवलेला विद्यार्थी निकालाच्या तक्त्यात दिसत नाही, परंतु ही दारे त्यालाही बंदच राहतात. या निकालांचा कल समजून घेताना टक्केवारीइतकेच वयोगटातील एकूण मुलांपैकी किती जण परीक्षेला बसले, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.