विश्लेषण : सरसंघचालक म्हणतात तीन, राज्याचा नियम म्हणतो दोन! मुले किती, हे नेमके ठरवते कोण?

नागपुरात रविवारी, १ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या एका कुल संमेलनात सरसंघचालक मोहन भागवत यांनी प्रजनन दर २.१ च्या खाली गेला की समाज नष्ट होतो, त्यामुळे दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन मुले हवीत, असे मत मांडले. त्यावरून राजकीय टोलेबाजी सुरू झाली. पण हा सल्ला नागपूर जिल्ह्यातल्या एखाद्या सरपंचाने मनावर घेतला, तर त्याचे पद जाऊ शकते. ते कसे?

२.१ म्हणजे काय?

एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुले होतात, तो एकूण प्रजनन दर. तो २.१ असेल तर पुढची पिढी साधारण आधीच्या पिढीएवढीच राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशाचा दर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ निघाला. म्हणजे राज्य ही रेषा आधीच ओलांडून खाली आले आहे.

मात्र २.१ ही सरासरी आहे. मूल अपूर्णांकात जन्मत नाही म्हणून प्रत्येक घरात तीन, असे गणित त्यातून निघत नाही. काही घरांत एक, काही घरांत तीन, तरी सरासरी दोनच येते. शिवाय २००० च्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणात ही पातळी किमान मर्यादा म्हणून नव्हती. तेव्हा दर चढा होता आणि २०१० पर्यंत तो तिथवर खाली आणायचे उद्दिष्ट होते.

धर्म काय म्हणतात?

एकच उत्तर कुठल्याही धर्मात नाही. पोप सहावे पॉल यांनी १९६८ मध्ये कृत्रिम साधनांना स्पष्ट नकार दिला, तो कॅथलिक चर्चने आजवर मागे घेतलेला नाही. अँग्लिकन चर्चने मात्र १९३० मध्येच काही अटींवर दार उघडले होते. इस्लाममध्ये तात्पुरत्या उपायांना अनेक धर्मशास्त्रींची मान्यता आहे, मतभेद आहेत ते कायमच्या नसबंदीवर. हिंदू धर्मात एक ग्रंथ, एक धर्मपीठ नसल्याने बंदीही नाही आणि आदेशही नाही.

वाद खरा पेटतो तो दुसऱ्याच मुद्द्यावर : शरीरसंबंध फक्त संततीसाठी की त्यापलीकडेही? डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर नागपूरशेजारच्या वर्ध्यात महात्मा गांधींना भेटल्या. लोकसंख्येवर आळा हवा, हे दोघांनाही मान्य होते. साधनांवर मात्र एकमत झाले नाही. गांधीजींचा आग्रह संयमाचा होता.

मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्येच संततिनियमन केंद्र काढले होते. त्यापायी त्यांना मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. पुढे ‘समाजस्वास्थ्य’मधल्या लिखाणासाठी त्यांच्यावर खटले झाले, तेव्हा त्यांची बाजू कोर्टात मांडणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मुंबई विधिमंडळात आला. तो फेटाळला गेला.

आकडे कुणाचे ऐकतात?

धर्मगुरूंचे तरी ऐकत नाहीत. १९९२-९३ मध्ये हिंदूंचा प्रजनन दर ३.३ आणि मुस्लिमांचा ४.४ होता. २०१९-२१ मध्ये ते अनुक्रमे १.९ आणि २.४ झाले. सर्वांत मोठी घट मुस्लिमांमध्ये आहे आणि बौद्धांचा दर १.४ इतका खाली आहे. फरक पडतो तो शिक्षणाने. शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा दर २.८, बारावी किंवा पुढे शिकलेल्यांचा १.८.

मग अडचण काय?

नियमांची. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले, तर महाराष्ट्रात ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेचे सदस्य राहता येत नाही. सरकारी नोकरीसाठी ही तारीख २८ मार्च २००६ आहे. अशा अपात्रतेला धर्मस्वातंत्र्याच्या आधारे दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणाच्या प्रकरणात फेटाळले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून छोटे कुटुंब ही देशभक्तीच असल्याचे सांगितले होते. आंध्र प्रदेशने दोन अपत्यांची अट नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केली. महाराष्ट्रात ती कायम आहे.

या सगळ्या चर्चेत विवाहित जोडपेच गृहीत धरलेले असते. कायदा तिथून पुढे गेला आहे. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्यास गर्भपाताची सवलत आधी विवाहित स्त्री व तिच्या पतीपुरती होती. २०२१ च्या दुरुस्तीत तिथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले.

आणि तिसऱ्या मुलाचा सल्ला पाळायचा कुणी? देशात १५ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी नसबंदी करून घेतली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. देशातला पुरुष नसबंदीचा आकडा ०.३ टक्के आहे. शस्त्रक्रिया झाल्यावर पुन्हा गर्भधारणेकडे वळणे अवघड आणि खर्चिक असते. म्हणजे मंचावर तीनची चर्चा चालू असताना राज्यातल्या जवळपास निम्म्या घरांत हा निर्णय कधीच होऊन गेलेला आहे, आणि टाके बाईच्या पोटावर आहेत.